अमलच्या दारातली झडती

ड्रायरच्या जाळीत जसं सूत साठतं ना, तसे आमच्या बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये किस्से साठतात. वेळच्या वेळी काढून टाकलेले बरे. हे अमलचे.

अमल सुदानची, इथे अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या समोरच्याच दारात राहते. तिकडे सरकार पाडायला लोक रस्त्यावर बसले, त्यात ही होती. पुढे लढाई पेटली आणि ही पोरं घेऊन इकडे आली. मला इंडियन स्टोअरमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळत होतं, पण तीन वर्षांच्या स्वराला ठेवायचं कुठे? अमल आपणहून म्हणाली, मी सांभाळते. आपणहून! तिथंच मला शंका आली.

*

पहिल्यांदा तिच्याकडे गेले, तर बाईनं दारातच अडवलं. हात वर करायला लावले, हसत हसत कंबर चाचपली, पर्समध्ये डोकावली आणि मग म्हणाली, "सॉरी, सिस्टर. वेलकम."

चोर समजते की काय मला? वरच्या मजल्यावरच्या मंदाकाकूंना माझ्यापेक्षा बरं इंग्रजी येतं, त्यांनी तिला विचारून घेतलं. आंदोलनात हिची ड्यूटीच ती. कुणी हत्यार आत नेऊ नये म्हणून बायका बायकांना तपासायच्या, तेही माफी मागून. ती सवय अजून सुटली नाही म्हणे.

"मला तीनदा तपासलंय," काकू म्हणाल्या. "आता मी पर्स घरीच ठेवून जाते."

*

एकदा कुणाचं तरी तेल जळलं, जिनाभर धूर. आम्ही नुसता आरडाओरडा करतोय, तोवर अमलनं पोरांच्या नाकातोंडावर ओली फडकी बांधून, एकामागे एक सगळी खाली नेलीसुद्धा. स्वरा पण त्यातच.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "आग तिनंच लावली नसेल ना?"

तेव्हा मी हसले. पण झोप नाही आली.

*

खुर्चीचा किस्सा काकूंनी कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितला. आंदोलनात पुढे बायका, मार खायला बायका, आणि पुढचं ठरवायला बसले ते सगळे पुरुष. बायकांना म्हणाले, तुम्ही जेवणाचं बघा. अमलनं आणि तिच्या मैत्रिणींनी चुलीच विझवल्या. दुपारी पुरुष आले, म्हणाले, चूल पेटवा.

ह्या म्हणाल्या, "खुर्च्या टाका."

दोन मिळाल्या म्हणे. मग लढाईत त्याही गेल्या.

हे ऐकून नवरा म्हणाला, "असल्या बाईकडे पोरगी ठेवणार? उद्या तूही खुर्ची मागशील."

आमच्या घरी खुर्च्या दोनच. दुसरीवर त्याची बॅग असते.

*

शेवटी मी कामाला लागले. नवरा म्हणाला, तुझ्या जबाबदारीवर. वर बजावलं, एकदा न सांगता जा आणि सगळं रेकॉर्ड करून आण.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले. फोनचा कॅमेरा चालू करून ॲप्रनच्या खिशात ठेवला, भिंग तेवढं वर. दाराला कान लावला. आत अगदी शांत. तीन पोरं असलेलं घर इतकं शांत कसं?

दार वाजवलं. अमलनं उघडलं आणि बाजूला झाली. पुढे स्वरा. नेहमीसारखी गळ्यात नाही पडली.

"आई, हँड्स अप."

मी केले.

तिनं माझे गुडघे चाचपले, पर्समध्ये डोकावली. मग ॲप्रनच्या खिशातून फोन काढला, दोन्ही हातांनी धरून बाहेर नेला आणि चपलांशेजारी पालथा ठेवला.

"सॉरी, आई. वेलकम."