रक्षिताक्का आणि तक्रारींचा ढीग

आमची रक्षिताक्का, माझी थोरली बहीण, जयसिंगपूरची. आमच्या वडिलांचं, अप्पांचं, जनावरांच्या पेंडीचं दुकान होतं आणि आमच्या घरात कॉम्प्युटर पहिल्यांदा शिकली ती हीच. लग्न होऊन कोल्हापूरला गेली आणि अंध मुलींच्या एका वसतिगृहात कॉम्प्युटर शिकवू लागली. स्क्रीनवरची अक्षरं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर तेव्हा नवलाचं होतं. हेडफोन लावून मुली सरासरा टाइप करायच्या. मी कॉलेजसाठी अक्काकडेच राहायचो, त्यामुळं हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

२००७ साली उचगावच्या हंबीररावांनी वसतिगृहाला लॅपटॉप द्यायचं ठरवलं. त्यांची लोखंड ओतायची फौंड्री होती. आवाज मोठा, मनही मोठं. त्यांनी एक देखणा लॅपटॉप पसंतही करून ठेवला होता.

अक्का म्हणाली, "काका, जरा थांबा. लोक काय म्हणतात ते वाचते."

तेव्हापासून ती वर्ग सुटला की इंटरनेटवर ग्राहकांच्या तक्रारी वाचत बसायची. दुकानदार उर्मट आहे, पार्सल उशिरा आलं, असल्या तक्रारी सोडून द्यायची. वर्षभर वापरलेल्या माणसानं काय लिहिलंय, तिथं थांबायची. शेवटी तिनं दुसराच लॅपटॉप निवडला.

हंबीरराव तडक वसतिगृहात आले. "मॅडम, माझ्या पोरानं बी बघितलंय इंटरनेटवर. तुमच्या लॅपटॉपवर तक्रारींचा ढीग हाय की! आमच्यावर दहा-बाराच. हे कसलं सिलेक्शन?"

"काका, हा खूप लोकांनी घेतलाय, म्हणून बोलणारेही खूप. आणि त्या ढिगात निम्म्याहून जास्त लोक एकच सांगतायत, स्क्रीन अंधूक आहे."

"मग? अंधूक मशीन द्यायचं व्हय?"

बाजूला सई बसली होती. जन्मापासून अंध, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. ती हसत म्हणाली, "काका, स्क्रीन उजळ असली काय आणि अंधूक असली काय, मला काय फरक पडतोय? माझी बटणं चालली पाहिजेत आणि आवाज आला पाहिजे."

मग अक्कानं हंबीररावांनी पसंत केलेल्या लॅपटॉपच्या तक्रारी वाचून दाखवल्या. माणसं वेगळी, गावं वेगळी, पण सगळ्यांचं दुखणं एक: एक उन्हाळा गेला की कीबोर्डची बटणं अडकायची आणि हेडफोन लावायची खाच सैल व्हायची.

हंबीरराव पुढं सरकले. "सगळ्यांचं एकाच जागी? मग वापरणाऱ्याची चूक न्हाय ही. आमच्याकडं ओतलेल्या मालाला एकाच जागी चीर यायला लागली की आम्ही साचाच तपासतो."

तरी अक्काचं समाधान झालं नव्हतं. तक्रार लिहिणाऱ्यांत हुबळीचे एक गृहस्थ होते. त्यांना तिनं मेल टाकली, फोन नंबर मिळवला आणि हंबीररावांसमोरच कानडीत बोलली. ते म्हणाले, दुरुस्त करून आणला तरी पुन्हा तेच. फोन ठेवल्यावर हंबीररावांनी एवढंच म्हटलं, "तुमचा घ्या."

लॅपटॉप आले आणि पहिल्याच महिन्यात त्यातल्या एकाची बॅटरी गेली. मला वाटलं, आता अक्का गप्प बसेल. तिनं हंबीररावांना स्वतः फोन केला आणि त्याच वेबसाइटवर आपल्या नावानिशी तक्रार लिहिली. बॅटरी बदलून मिळाल्यावर तेही लिहिलं. "आपण दुसऱ्यांचं वाचून घेतलं, मग आपलं खरं लिहायला नको?" असं म्हणाली.

त्यानंतर त्या मशिनांनी कधी दगा दिला नाही. सईनं त्यावरच बी.ए.च्या नोट्स काढल्या, बँकेच्या परीक्षेची तयारी केली आणि पास झाली. तिची पहिली नेमणूक पन्हाळ्याच्या शाखेत झाली. पेढे घेऊन आली तेव्हा अक्का रडत होती आणि सई तिला गप्प करत होती.

पुढं फौंड्रीच्या ऑफिसात नवीन कॉम्प्युटर घ्यायचे ठरले, तेव्हा हंबीररावांनी अक्कासाठी गाडी पाठवली. मी बरोबर गेलतो. पाचपन्नास कामगारांसमोर ते मोठ्यानं म्हणाले, "ह्या रक्षिता मॅडम. ह्यांनी बघितल्याशिवाय एकबी मशीन आत येणार न्हाय!"

अक्का लाजली. मी मात्र शेजारी छाती काढून उभा होतो.