खसचा फाया

देवानं माणसाला नाक श्वास घ्यायला दिलं असेल. आमच्या शेजारच्या चाचांना मात्र ते लोकांच्या गाड्यांच्या एसीत खुपसायलाच दिलं होतं. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांचे एसी बसवण्यात त्यांची नोकरी सरली, पण नाद सुटला नाही. गल्लीत कुणाची गाडी आली की बाकीचे पेढे मागत, चाचा ब्लोअर लावायला सांगत. डोळे मिटून हुंगायचे आणि निदान करायचे, "आत बदामाचं पान सडलंय." ते पान खरोखर निघायचं. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात तर क्रांती चौकात, ऐन गर्दीत, त्यांनी नवरदेवाला गाडीतून उतरवलं आणि जाळीत अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या चिमट्यानं एकेक करून काढल्या. मेव्हणा भडकला. "चिडू नको बेटा," चाचा म्हणाले, "गाडीला पण नाक असतं. चोंदलं तर तिनं कुठं जायचं?"

त्यांची डाळ शिजली नाही ती फक्त चाचींपुढं. दौलताबादेला सीताफळं आणायला निघाल्या की चाची कानातला खसच्या अत्तराचा फाया काढून घरच्या गाडीच्या समोरच्या जाळीत खोचायच्या. चाचा ओरडायचे. चाची शांतपणे म्हणायच्या, "दुनिया की गाड्या साफ करो, मेरे फाये कू हात नको लगाव." तो कापसाचा बोळा तिथंच राहायचा.

गेल्या उन्हाळ्यात चाची गेल्या. चाचांनी गाडीला हातही लावला नाही. चाळिसाव्या दिवशी ते सकाळीच कबरस्तानात गेले, तेव्हा मला वाटलं, आपण एवढं तरी करावं. त्यांच्या मुलीकडून किल्ली घेतली आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे फिल्टर काढला, ब्रश फिरवला, फेस मारला, जाळ्या लख्ख केल्या.

चाचा आले, गाडीत बसले. ब्लोअर लावून डोळे मिटले. पुन्हा हुंगलं. मग जाळीत बोट घालून चाचपत म्हणाले, "फाया कुठाय?"

घंटागाडी नुकतीच येऊन गेली होती. मी रिकाम्या कचऱ्याच्या डब्याकडं पाहिलं. त्यांना कळलं. "लई साफ केलं बेटा," ते म्हणाले, "मीच शिकवलं व्हतं." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परवा त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. मी खसचं अत्तर आणून माझ्याच गाडीच्या जाळीत फाया खोचून ठेवला. चाचांनी हुंगलं. त्या नाकाला कोण फसवणार! "त्याच दुकानाचं हाय," ते हळूच म्हणाले, "पण तिचा नाय." खिशातल्या चिमट्याकडं हात गेला, तसाच परत आला.

"असू दे," म्हणाले. "चल, काचा लावून घे."