दाखल्यातली कोरी जागा

वसई स्टेशनजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. पूर्वेकडच्या छोट्या कारखान्यांतले कामगार नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला माझ्याकडेच टाइप करून घेत. शेठलोकांची रीतच होती, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग माणसं स्वतःच स्वतःला मेहनती आणि प्रामाणिक ठरवत. मीही बिनधास्त ठोकून द्यायचे.

एकदा चांदीप गावचे, लेथ मशीनवर काम करणारे एक काका आले. कागदाला हात लावण्याआधी त्यांनी बोटं रुमालाला दोनदा पुसली. एकोणीस वर्षं एकाच ठिकाणी काढली होती, आणि आता शेठ कारखाना विकून चालला होता. त्यांनी नाव, काम, तारखा सांगितल्या. पुढे मी सवयीने "प्रामाणिक व मेहनती" टाइप करायला घेतलं, तर त्यांनी मला थांबवलं.

"नको ताई. आपलंच कौतुक आपन कसं लिवायचं? तिथं जागा सोडा. शेठ आपल्या हातानं लिवंल."

दुसऱ्या दिवशी ते झेरॉक्स काढायला आले. दाखल्यावर सही होती, शिक्का होता. मधली जागा मात्र तशीच कोरी. मला संताप आला.

"काका, मी भरून देते. मशीन तेच आहे, कोणाला कळणार नाही."

लेथवरून उतरवलेल्या लोखंडाची सफाई तपासावी, तसा त्यांनी त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला.

"राहू द्या. एकोनीस वर्सांत तो माज्या कामाबद्दल एक शब्द बोलला नाय. दाखला खरा हाय."