‘लहरी’ हा शेरा

कचेरीत त्या वयाने सर्वांत वडील, म्हणून सगळे त्यांना मावशी म्हणत. अनेक प्रोग्रामरांनी लिहिलेला कोड जुन्यानव्या सर्व आवृत्त्यांसह सांभाळणारा सर्व्हर त्यांची कंपनी बनवीत असे. त्याची नवी आवृत्ती ग्राहकांकडे जाण्यापूर्वी तिच्यावर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित चाचण्या चालवणे, हे मावशींचे बारा वर्षांचे व्रत.

त्या सकाळी एक सोडून सर्व चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, झाल्या. दोघांनी एकाच क्षणी बदल पाठवले तर दोन्ही टिकतात ना, एवढेच ती लाल चाचणी पाहत असे.

“ती लहरीच आहे, मावशी,” विभागप्रमुख म्हणाले. “पुन्हा चालवा. दुपारी आवृत्ती द्यायचीय.”

पुन्हा चालवली, हिरवी झाली.

“बघा. उगाच राईचा पर्वत.”

‘लहरी’ हा तिथला रूढ शेरा. विनाकारण कधी उत्तीर्ण, कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या चाचणीला तो लागला, की तिच्या रडगाण्याकडे कोणी कान देत नसे. मावशींचे मन मात्र मानेना. यंत्रावर मुद्दाम भार टाकून त्यांनी ती चाचणी दोनशे वेळा चालवली. अकरा वेळा लाल. आणि अकराही वेळा सर्व्हरने “जमा झाले” असे सांगून एकाचा बदल हरवला होता.

हा शेरा लावला कोणी? त्यांनी नोंद उघडली. आठ महिन्यांपूर्वीची तारीख, आणि खाली त्यांचेच नाव. सासूबाईंना दवाखान्यात न्यायच्या घाईत, दुसऱ्या खेपेला हिरवे दिसताच शेरा मारून त्या उठल्या होत्या.

“पुसून टाका की,” शेजारची सहकारीण कुजबुजली.

“अगं, कोणाला काही पुसता येऊ नये म्हणूनच तर आपण हा सर्व्हर विकतो.”

त्या प्रमुखांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “शेरा माझा, चूकही माझी. ही आवृत्ती मी मंजूर करणार नाही.”

“ग्राहकांना काय तोंड दाखवू?”

“उशीर होईल म्हणा.”

प्रमुखांनी हळूच विचारले, “आधीच्या आवृत्त्यांत?”

“आठ महिन्यांत तीन दिल्या. तिन्हींत असणार.”

प्रमुखांनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. मावशी बसल्या आणि ग्राहकांना पाठवायच्या पत्राचे पहिले वाक्य त्यांनीच लिहिले : ‘आमच्या सर्व्हरने “जमा झाले” असे सांगितले असले, तरी आपले काम कृपया एकदा पडताळून पाहावे.’