ऑर्गचा पहिला धडा

मुलूखियाच्या पालेभाजीची जुडी अर्धीच निवडून झाली होती, तोवर धाकटी जाऊ इन्शिराह रडवेली होऊन दारात उभी राहिली. रौहियाने हात पुसले. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या बायकांना लग्नकार्यात वाजवण्यासाठी ऑर्ग, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, अरबी मकामांच्या, म्हणजे रागांच्या, सुरात कसा लावायचा ते ती शिकवत असे, आणि इन्शिराह तिची सर्वांत नवी शिष्या होती.

"जाऊबाई, गुरुवारी मेंदीला वाजवायचंय, आणि आज सरावात सगळं बेसूर! गाणारीनं गाणं एक सूर वरून धरलं, म्हणून मीही एक पट्टी सरकले, तर रास्त मकाम पार रडायलाच लागला."

"रडणारच! तू सरकलीस, पण बटणं दाबून पाव सुरानं उतरवलेल्या पट्ट्या जुन्या जागीच राहिल्या ना? त्यांना कोण हलवणार, तुझी सासू?"

"तुमचीही तीच सासू आहे," इन्शिराह डोळे पुसत म्हणाली.

रौहियाला मात्र चूक आपली दिसली. तिच्या वहीतला पहिला धडाच बटणांचा होता. बिस्मिल्ला म्हणून तिने तो खोडला आणि नवा लिहिला: आधी मकाम गळ्यानं गा, उतरलेले दोन सूर बोटानं दाखव, मगच बटणं दाब. जागा बदललीस की पुन्हा गा.

इन्शिराह गायली, तिनं दोन्ही सूर शोधले, बटणं दाबली आणि वाजवून पाहिलं. रास्त सुरात आला.

"आता गाणारी वरून धरो की खालून," ती म्हणाली, "मी बसलेय खंबीर."

आणखी पाच जणी जुन्याच धड्यावर अडकल्या होत्या. रौहिया ते पान घेऊन झेरॉक्स काढायला निघाली.