कवी ओटोमार आणि त्याची मुलगी

प्रागमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर ओटोमार राहायचा. तरुणपणी त्याने जहाजं, सर्कस आणि विमानांवर कविता लिहून जुन्या मंडळींची झोप उडवली होती. युद्धाच्या दिवसांत त्याची मुलगी व्लास्ता चित्रकार झाली आणि काढायची काय, तर ट्रामच्या तारा, गटारांची झाकणं, ओल्या भिंती.

एका रविवारी तिचे मित्र जमले असताना त्याने हौसेने जहाजाची कविता वाचली. कुणी हसलं नाही, कुणी चिडलंही नाही. तेच त्याला लागलं.

"बाबा, तुमचं जहाज आमच्या गल्लीत कधी आलंच नाही," व्लास्ता म्हणाली.

"गल्लीच बघायची तर खिडकी आहे की! चित्र कशाला?"

"तुम्ही कधी बघितलंत खिडकीतून?"

तो उठला, टोपी शोधली, बसला, पुन्हा उठला. दुसऱ्या दिवशी ती गॅसच्या कारखान्यामागे चित्र काढायला निघाली, तर हाही मागोमाग गेला आणि तिच्याभोवती घिरट्या घालत राहिला.

"काय दिसतंय तुला इथे?"

"तुमची सावली. सरका जरा."

पुढे तो रोजच जाऊ लागला. तिची चित्रं त्याला शेवटपर्यंत आवडली नाहीत, पण घरात बसून कविताही लिहवेना. जिन्यातलं त्यांचं भांडण आम्हाला रोज ऐकू यायचं.