लपायला जागा नसलेलं गाणं

मुलांनो, सर्वांत अवघड नाट्यगीत कोणतं, असं काल फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वी कोथरूडच्या एका नाट्यगीत स्पर्धेत शेजारच्या खुर्चीतल्या बाई प्रत्येक गाण्यावर मोठ्यानं शेरे मारत होत्या. "ताना काय, घोटून कुणालाही येतात."

"अहो, मी गाणी ऐकायला आलेय, आपली मतं नव्हे," मी वैतागून म्हटलं.

मग त्यांची मुलगी रंगमंचावर आली. तिनं संथ, बिनतानांचं गाणं धरताच बाईंनी माझं मनगट आवळलं. "हेच सर्वांत अवघड. यात लपायला जागाच नसते. तिला म्हटलं होतं, तानांचं घे. ऐकेल तर ना."

वरच्या स्वरावर मुलीचा आवाज फाटला. क्षणभर थांबून तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली.

बक्षीस मिळालं नाही. ती दर वर्षी त्या स्पर्धेत तेच गाणं गाते, यंदाही गायली.